बहिरी ससाण्याच्या शेजारी रानहंसांची घरटी : प्यासिना नदीकाठची वीण

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. लाल छातीचा रानहंस सायबेरियात बहिरी ससाण्याच्या घरट्याला लागून आपले घरटे करतो हे खरे आहे काय. खरे असेल तर ससाणा त्याला मारत कसा नाही. आणि हिवाळ्यात युरोपात उतरणाऱ्या रानहंसांच्या थव्यांत एखाद्या वर्षी पिल्लेच पिल्ले दिसतात, तर पुढच्या वर्षी शोधूनही सापडत नाहीत, हे कशामुळे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे तैमिर द्वीपकल्पातील नद्यांच्या दरडींवर एकत्रच सापडतात, म्हणून ती वेगवेगळी न देता सलग सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. बाकीच्या दोहोंसाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण या पक्ष्याच्या विणीत चारा आणि पाणी यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, शेजार महत्त्वाचा ठरतो, आणि तो शेजार दरवर्षी सारखा मिळत नाही.

आधी प्रदेशाची कल्पना द्यावी लागेल. तैमिर हे सायबेरियाच्या उत्तर टोकाचे द्वीपकल्प होय; युरेशियाच्या मुख्य भूमीचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू, केप चेल्युस्किन, याच द्वीपकल्पावर आहे. त्याच्या पश्चिम भागातून प्यासिना नदी वाहते. नोरिल्स्क शहराजवळच्या प्यासिनो सरोवरातून निघून ८१८ किलोमीटरचा प्रवास करून ती कारा समुद्राला मिळते. वर्षातील आठ-साडेआठ महिने ती गोठलेली असते आणि बर्फ फुटून पाणी वाहते होईपर्यंत जून उजाडतो. खालच्या टप्प्यात तर जूनचा मध्यही उलटतो. जमिनीखालची माती कायमची गोठलेली असल्यामुळे वितळलेले पाणी मुरत नाही, आणि सपाट टुंड्रा उन्हाळाभर दलदलीसारखी ओली राहते. कोरडी जागा मिळते ती नदीने कापलेल्या दरडींच्या कडांवर आणि उंचवट्यांवर. दक्षिणेकडे तोंड असलेल्या दरडींवरचे बर्फ वाऱ्याने उडून आणि उन्हाने वितळून सर्वांत आधी नाहीसे होते, आणि खुज्या बर्चच्या व बुटक्या वाळुंजाच्या झुडपांमध्ये बसण्याजोगी सुकी माती तेथे प्रथम उघडी पडते. लाल छातीच्या रानहंसाची बहुसंख्य वीण याच द्वीपकल्पावर होते. उरलेली पश्चिमेकडच्या गिदान आणि यामाल द्वीपकल्पांवर.

हा पक्षी आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडी किंवा उजनीच्या जलाशयावर दिसणाऱ्या पट्टकादंबाच्या मानाने बराच लहान असतो. पट्टकादंब दोन ते तीन किलो भरतो, तर लाल छातीचा रानहंस जेमतेम १.१ ते १.६ किलो. पुढचे सगळे या वजनावर अवलंबून आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे. जूनच्या पूर्वार्धात हे पक्षी जोडीने तैमिरला पोहोचतात आणि जूनच्या उत्तरार्धात अंडी घालू लागतात. घरटे म्हणजे जमिनीत केलेला उथळ खळगा. सुमारे वीस सेंटीमीटर रुंद आणि पाच-आठ सेंटीमीटर खोल. त्यात सुके गवत, शेवाळे आणि मादीने आपल्याच छातीपोटाची उपटलेली मऊ पिसे. अंडी सरासरी सहा-सात. साधारण दिवसाआड किंवा रोज एक या वेगाने ती घातली जातात. उबवण सुमारे पंचवीस दिवसांची, आणि ती एकटी मादीच करते. नर जवळ उभा राहून पहारा देतो. पिल्ले उडायला लागण्यास पुढे आणखी पाच-सहा आठवडे जातात. हे सारे दिवस जोडले तर अडीच महिन्यांच्या आसपास बेरीज येते, आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात पुन्हा हिमवर्षाव सुरू होतो. म्हणजे मधे सुटीचा असा दिवसच नाही. आपल्याकडच्या कित्येक पक्ष्यांचे घरटे मोडले तर ते महिन्याभरात दुसरे बांधतात. येथे घरटे लुटले गेले की त्या जोडीचे ते वर्ष संपले.

वेळेची ही ओढाताण घरटे करण्यापूर्वीच सुरू होते. रानहंसांच्या अंड्यातील बलक पूर्ण भरायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. बर्फातून जमीन डोके वर काढते न काढते तोच पहिले अंडे पडायचे असेल, तर त्या बलकाची सुरुवात मादीच्या पोटात वाटेवरच व्हावी लागते. त्यासाठी लागणारी चरबी आणि प्रथिने ती कझाकस्तानच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात आणि ओब नदीच्या खोऱ्यात वसंत ऋतूत चरून जमवते. म्हणून तैमिरवर किती अंडी दिसतील याचा अर्धा हिशेब हजारो किलोमीटर दक्षिणेला लागलेला असतो, ही गोष्ट घरट्यांचा अभ्यास करणारे पुष्कळदा विसरतात. मोठ्या जातीच्या रानहंसांच्या माद्या या साठ्यावर उबवणीचा बहुतेक काळ जवळजवळ उपाशी काढू शकतात. लहान शरीरात साठा कमी मावतो आणि उष्णता लवकर निसटते, त्यामुळे लहान जातीच्या मादीला चरण्यासाठी अधूनमधून उठावेच लागते. उठताना ती मऊ पिसांनी अंडी झाकून जाते. या झाकण्याने ऊब टिकते आणि वरून पाहणाऱ्या कुरव व स्कुआ पक्ष्यांना पांढुरकी अंडी दिसत नाहीत. पण पिसांचे हे पांघरूण वासावर चालणाऱ्या प्राण्यापुढे निरुपयोगी असते, आणि टुंड्रातला वासावर चालणारा मुख्य प्राणी म्हणजे ध्रुवीय कोल्हा.

हा कोल्हा आकाराने मांजरापेक्षा थोडा मोठा, परंतु रानहंसांच्या विणीचा निकाल लावण्यात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही. त्याला अंडी तेथल्या तेथे खायची नसतात. एक एक अंडे तोंडात धरून तो दूर नेतो, शेवाळ्यात पुरतो आणि परत येतो. गोठलेल्या जमिनीच्या सान्निध्यात ती टिकतात आणि पुढे टंचाईच्या दिवसांत त्याला उपयोगी पडतात. म्हणूनच पोट भरले की तो थांबत नाही. एकदा घरट्यांचा सुगावा लागला की तो वसाहत रिकामी होईपर्यंत फेऱ्या मारत राहतो.

वेगवेगळ्या जातींच्या रानहंसांनी या एका प्राण्याला दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि ती एकाच नदीच्या खोऱ्यात शेजारी शेजारी पाहायला मिळतात. बीन गूज हा मोठा आणि जड पक्षी. जोडी एकत्र उभी राहिली तर एकट्या कोल्ह्याला पंखांच्या फटक्यांनी हुसकावू शकते. पांढऱ्या कपाळाचा रानहंस विखुरलेला राहतो, झुडपांच्या आडोशाला घरटे करतो आणि मादी शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही. काळपट ब्रेंट रानहंस समुद्राकडे, मुखाजवळच्या लहान बेटांवर जातो, जेथे बर्फ वितळल्यानंतर कोल्ह्याला पोहूनच जावे लागेल. लाल छातीच्या रानहंसाजवळ यांपैकी पहिला उपाय नाही, कारण सव्वा किलोचा पक्षी कोल्ह्याशी झुंज देऊ शकत नाही. बेटांचा उपाय तो काही ठिकाणी वापरतो. पण त्याचा खास उपाय म्हणजे स्वतः लढण्याऐवजी लढणाऱ्याच्या अंगणात राहणे.

बहिरी ससाणा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस, म्हणजे रानहंसांच्या थोडा आधी तैमिरला पोहोचतो. त्याला घरट्यासाठी काड्यांची गरज नसते. दरडीच्या कडेवर किंवा कपारीत मातीत खरवडलेला खळगा त्याला पुरतो. एकच दरड वर्षानुवर्षे, एकामागून एक पिढ्यांकडून वापरली जाते. तेथे साचलेल्या विष्ठेमुळे गवत अधिक हिरवे व दाट वाढते आणि अशी जागा दुरूनही ओळखू येते. रानहंस उतरतात तेव्हा ससाण्याने जागा धरलेली असते, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. त्या दरडीवर, ससाण्याच्या घरट्याभोवती, बहुधा शंभर मीटरच्या आत, रानहंसांच्या चार-सहा, कधी त्याहून अधिक जोड्या घरटी करतात.

ससाणा कोल्ह्याला काय करतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निवडीचे आश्चर्य वाटत नाही. कोल्हा दरडीच्या जवळ येताच नर किंवा मादी ससाणा कर्कश ओरडत उंच चढतो आणि त्याच्या पाठीवर, कानांवर एकामागून एक झेपा टाकतो. हा वेग आणि या नख्या कोल्ह्याला परवडणाऱ्या नसतात. अंग जमिनीला लावून, मागे पाहत तो निघून जातो. कुरव आणि स्कुआ यांनाही हाच अनुभव येतो. ससाण्याला रानहंसांविषयी आपुलकी असते असे नाही. तो आपली तीन-चार अंडी राखतो, आणि त्या राखणीच्या कक्षेत जे कोणी बसले असेल त्याचेही आपोआप रक्षण होते. शिवाय त्याच्या घरट्याचे वय वाढत जाते तसा त्याचा आक्रमकपणा वाढतो, आणि त्याची पिल्ले आणि रानहंसांची पिल्ले साधारण जुलैच्या मध्याच्या आगेमागे बाहेर येतात. म्हणजे रानहंसांच्या उबवणीचे शेवटचे आणि सर्वांत मोलाचे दिवस हेच ससाण्याच्या सर्वाधिक सावधपणाचे दिवस असतात.

आता आपला दुसरा प्रश्न. ससाणा रानहंसाला मारू शकत नाही असे मुळीच नाही. मादी ससाण्याचे वजन रानहंसाच्या जवळपास जाते आणि हवेत गाठले तर ती त्याला खाली पाडू शकते. परंतु तीन कारणांनी हा धोका मर्यादित राहतो. पहिले असे की बहिरी ससाण्याची शिकारीची सगळी रीत उडत्या पक्ष्यासाठी घडलेली आहे. जमिनीवर झुडपाला टेकून बसलेला जड पक्षी उचलणे त्याच्या हातचे काम नव्हे. दुसरे असे की तो बहुतेक शिकार घरट्यापासून दूर करतो, आणि टुंड्रावर चिखलपक्षी (चिखलात चोच खुपसून चरणारे पक्षी) व लहान पक्षी त्या दिवसांत विपुल असतात. तिसरे कारण रानहंसांच्या वागण्यात आहे: दरडीजवळ ते शक्यतो उडत नाहीत. नदीवर किंवा लव्हाळ्यात उतरतात आणि तेथून चालत घरट्याकडे येतात, जातानाही तसेच. मला या पक्ष्याच्या वर्तनातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

तरीही शेजार फुकट मिळत नाही. ससाणा घरट्याच्या अगदी जवळ येणाऱ्या कोणावरही झेप टाकतो, त्यात रानहंस आले. मादी चरायला उठली की तिला परतताना मार खावा लागू शकतो. ती जितकी जवळ बसेल तितका हा त्रास अधिक आणि अंडी थंड पडण्याचा धोकाही अधिक. दूर बसली तर ससाण्याची भीती कमी, पण कोल्ह्याची वाढते. जॉन क्विन आणि याकोव कोकोरेव या पक्षी-अभ्यासकांनी तैमिरवरील अभ्यासातून २००२ मध्ये हीच देवघेव मांडली: रानहंस आपल्या घरट्याचे अंतर ठरवताना लुटारूचा धोका आणि यजमानाचा मार या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध तोलतात. म्हणून ‘रानहंस ससाण्याच्या आश्रयाला जातो’ हे विधान अर्धेच खरे आहे. तो आश्रयाला जातो, पण हात राखून.

येथे एक शंका हमखास विचारली जाते: एवढा उपयुक्त शेजारी असताना सर्व रानहंस त्याच्याकडेच का जात नाहीत? कारण ससाणे थोडे आहेत. एका जोडीला नदीचा लांबलचक पट्टा लागतो, आणि प्रत्येक दरड त्याच्या पसंतीची नसते. त्यामुळे उरलेल्या रानहंसांना दुसरे यजमान शोधावे लागतात. त्यांत हिमघुबड आहे, पायांवर बोटांपर्यंत पिसे असलेला उत्तरेकडचा तिसा, ज्याला इंग्रजी पुस्तके रफ-लेग्ड बझर्ड म्हणतात, तो आहे, आणि नदीतील बेटांवर वसाहत करणारे मोठे कुरव आहेत. कुरव हा विचित्र यजमान म्हणावा लागेल, कारण तो इतर लुटारूंना हाकलतो आणि संधी मिळाली की स्वतःच एखादे अंडे किंवा पिल्लू उचलतो. हिमघुबड आणि तिसा मात्र कोल्ह्याविरुद्ध चांगली राखण करतात. अडचण एवढीच की हे दोघे लेमिंगवर जगतात, आणि लेमिंग दरवर्षी नसतात.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या लेमिंगमध्ये आहे. लेमिंग हा उंदराच्या कुळातील, आखूड शेपटीचा, बर्फाखालीही हिवाळाभर वीण चालू ठेवणारा लहान प्राणी. तैमिरवर त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने वाढत जाते आणि मग एकाएकी कोसळते. ज्या वर्षी लेमिंग मुबलक असतात त्या वर्षी कोल्ह्याला पावलोपावली अन्न मिळते आणि रानहंसांच्या घरट्यांकडे तो फारसा फिरकत नाही. त्याच वर्षी हिमघुबडे आणि तिसे भरपूर घरटी करतात, त्यामुळे यजमानही वाढतात. कोल्हेही मोठ्या संख्येने पिल्ले वाढवतात. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळले की वाढलेल्या कोल्ह्यांची संख्या तशीच असते, अन्न नाहीसे झालेले असते, घुबडे त्या प्रदेशात वीण न करता निघून गेलेली असतात, आणि साऱ्या टुंड्राचा भार अंड्यांवर व पिल्लांवर पडतो. अशा वर्षी उघड्यावरची घरटी जवळजवळ सरसकट जातात.

हिवाळी थव्यांतील चढउतार हे याचेच प्रतिबिंब असते. पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणाऱ्या काळपट ब्रेंट रानहंसांत पहिल्या वर्षाच्या पक्ष्यांचे प्रमाण एखाद्या हिवाळ्यात चाळीस टक्क्यांच्या वर गेलेले आहे आणि एखाद्या हिवाळ्यात ते शून्याच्या जवळ आलेले आहे. रॉन समर्स आणि लेस अंडरहिल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये दाखवले की ब्रेंट रानहंसांचे हे चढउतार आणि तैमिरवर वीण करणाऱ्या चिखलपक्ष्यांचे चढउतार एकाच तालावर चालतात, आणि तो ताल लेमिंगचा असतो. त्या चिखलपक्ष्यांपैकी कर्ल्यू सँडपायपर हिवाळ्यात मुंबई-ठाण्याच्या खाडीतही उतरतो. म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलावरील थव्यात या जातीचे तरुण पक्षी किती आहेत हे काळजीपूर्वक मोजणाऱ्याला तैमिरवरच्या कोल्ह्याचे ते वर्ष कसे गेले याचा काही अंदाज येऊ शकतो.

लाल छातीच्या रानहंसातही असे चढउतार आहेत, पण ससाण्याच्या दरडीवरच्या घरट्यांचे गणित थोडे निराळे आहे. बहिरी ससाणा लेमिंगवर नव्हे, पक्ष्यांवर जगतो. लेमिंग असोत वा नसोत, तो येतो, दरड धरतो आणि राखण करतो. म्हणून घुबड आणि तिसा हे चांगल्या वर्षाचे शेजारी, तर ससाणा हा वाईट वर्षाचाही शेजारी आहे. कोसळलेल्या वर्षांत थोडीफार पिल्ले जगतात ती बहुतांशी ससाण्यांच्या दरडींवर आणि कोल्ह्यापासून सुटलेल्या बेटांवर. हिवाळी थव्याच्या छायाचित्रावरून प्रमाण मोजायचे असेल तर पंखाकडे पाहावे: प्रौढ पक्ष्याच्या मिटलेल्या पंखावर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या असतात, पहिल्या वर्षाच्या पक्ष्यात त्या जागी बारीक, फिकट आणि संख्येने जास्त रेघा असतात, आणि छातीचा तांबूस रंगही मंद असतो. मात्र थव्याच्या एकाच कडेचे छायाचित्र घेऊन टक्केवारी काढू नये. कुटुंबे एकत्र राहतात आणि बहुधा थव्याच्या कडेला चरतात, त्यामुळे कडेवर पिल्लांचे प्रमाण फुगलेले दिसते.

घरट्यांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी थोडे अवांतर, पण आवश्यक. घरटे यशस्वी झाले की लुटले गेले हे पक्षी निघून गेल्यावर खळगा पाहून बऱ्याच अंशी ठरवता येते. पिल्ले फुटून बाहेर आली असतील तर तळाशी कवचाचे बारीक तुकडे आणि कवचापासून सुटलेली, चिवट कातडीसारखी पांढरी पटले मिळतात. कुरवाने किंवा स्कुआने अंडी फोडली असतील तर मोठ्या छिद्राची, आत बलकाचे डाग असलेली कवचे घरट्याजवळ पडलेली असतात. खळगा शाबूत, पिसे विस्कटलेली आणि कवचाचा एकही तुकडा नाही, अशी स्थिती असेल तर संशय कोल्ह्यावर घ्यावा. उबवण किती पुढे गेली आहे हे अंडे कोमट पाण्यात ठेवून पाहतात: ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांनी त्याचा रुंद भाग वर उचलला जातो, पुढे ते उभे राहते आणि शेवटी पृष्ठभागावर तरंगू लागते, कारण आतील पाणी उडून हवेची पोकळी वाढत जाते.

या पाहणीला मात्र किंमत आहे. माणूस दरडीवर चढला की मादी रानहंस उठते आणि ससाणाही उठतो. दोन्ही राखणदार एकाच वेळी दूर झाले की टेहळणी करणाऱ्या कुरवाला काही मिनिटे पुरतात. म्हणून फेऱ्या कमीत कमी ठेवाव्यात. थंड वाऱ्यात किंवा पावसात जाऊच नये. निघताना अंडी मादी झाकते तशीच पिसांनी झाकावीत. खूण करायचीच असेल तर ती घरट्यालगत न करता काही अंतरावर करावी. आणि एका घरट्याहून दुसऱ्याकडे सरळ वाट पाडत जाऊ नये, कारण कोल्हा त्या वाटेचा वास घेत येऊ शकतो. दुर्बिणीतून नदीच्या पलीकडच्या काठावरून जे कळते तेवढ्यावर भागत असेल तर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाण्याचे समर्थन मला कधीच पटलेले नाही.

पिल्ले फुटल्यानंतरची गोष्ट लवकर सांगता येते. उबवण शेवटची अंडी पडण्याच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे सारी पिल्ले जवळजवळ एकाच वेळी फुटतात, अंग सुकताच चालू लागतात आणि साधारण दिवसाभरात आईबापांमागून दरड उतरून पाण्याकाठी जातात. तेथून ससाण्याची राखण संपते. आता त्यांना राखते ते पाणी. लव्हाळे आणि कापसासारखी बोंडे येणारे टुंड्राचे गवत यांचे कोवळे कोंब या दिवसांत प्रथिनांनी भरलेले असतात, आणि मावळत नसलेल्या उजेडात पिल्ले चोवीस तासांतील बराच वेळ चरतात. वसंत लवकर आला तर गवताचा हा कोवळेपणा पिल्ले फुटण्याआधीच ओसरू लागतो. तापणाऱ्या आर्क्टिकमध्ये रानहंसांच्या अभ्यासकांना ही एक मोठी काळजी वाटते. आईबाप याच काळात उडण्याची सारी पिसे एकदम टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. धोका दिसला की सारे कुटुंब नदीच्या मधल्या प्रवाहात जाते. ज्या जोड्यांची घरटी लुटली गेली ती स्वतंत्र थवे करून अशाच पाण्यावर पिसे टाकतात.

ससाण्यावरचे हे अवलंबन किती खोल आहे हे गेल्या शतकात एका दुर्दैवी रीतीने दिसून आले. डीडीटी आणि तत्सम कीटकनाशके ससाण्याच्या भक्ष्यातून त्याच्या शरीरात साठतात आणि त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होऊन उबवताना ते फुटते. कवच असे पातळ होत गेल्याचे पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनमधील जुन्या व नव्या अंड्यांची तुलना करून दाखवले. टुंड्रावर डीडीटी फवारले जात नव्हते. पण तेथील ससाणे आणि त्यांचे भक्ष्य हिवाळा जेथे काढत होते तेथे ते भरपूर वापरले जात होते. सायबेरियातील ससाणे घटले, आणि त्याच सुमारास लाल छातीचे रानहंसही घटले. त्या घटीचा सगळा दोष मी ससाण्याच्या अनुपस्थितीवर टाकणार नाही. त्याच काळात, साठच्या दशकाच्या अखेरीस, या रानहंसांनी कॅस्पियन समुद्राच्या अझरबैजानी किनाऱ्यावरची आपली जुनी हिवाळी ठिकाणे सोडली. तेथील धान्याची शेते कापूस आणि द्राक्षबागांखाली गेली होती. थवे काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्याकडे, बल्गेरियातील शाब्ला व दुरानकुलाक सरोवरांच्या आणि रुमानियातील दोब्रोजाच्या गव्हाच्या शेतांकडे वळले. शिकारही चालू होती. तरीही पुढे ससाणे पुन्हा वाढले तसे दरडींवरच्या रानहंसांच्या वसाहतीही भरू लागल्या, आणि हा योगायोग मानणे मला कठीण वाटते.

आज ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेट आर्क्टिक राखीव क्षेत्रामुळे तैमिरच्या उत्तर किनाऱ्याचा मोठा भाग सुरक्षित झाला. पण नदी तिच्या उगमाकडून येते, राखीव क्षेत्राच्या हद्दीवरून नव्हे. २९ मे २०२० रोजी नोरिल्स्कजवळ इंधनाची टाकी फुटून वीस हजार टनांहून अधिक डिझेल सांडले आणि त्यातील बरेचसे अंबार्नाया नदीत गेले, जी प्यासिनो सरोवराला मिळते. रानहंस घरट्यांसाठी दरडींवर उतरण्याच्या ऐन तोंडावर हे घडले. दरडींवरची राखण ससाण्याने केली तरी खालच्या पाण्याची राखण करणे त्याच्या हाती नाही, आणि पिल्लांचे पाच-सहा आठवडे त्याच पाण्याकाठी जातात.

शेवटचा मुद्दा ससाण्याविषयीच. सायबेरियाच्या टुंड्रात वीण करणारे बहिरी ससाणे हिवाळ्यात मोठ्या संख्येने दक्षिणेकडे येतात, आणि भारतही त्यांच्या हिवाळी मुक्कामांपैकी एक आहे. महाराष्ट्रात ते मोठ्या जलाशयांच्या परिसरात, किनाऱ्यावर आणि मुंबईतील उंच इमारतींच्या कठड्यांवर दिसतात. ऑक्टोबर ते मार्च या काळात आपल्याला असा ससाणा दिसला तर त्याच्या पायात कडी आहे का, पाठीवर उपग्रह-यंत्र आहे का हे दुर्बिणीतून अवश्य पाहावे आणि कडीवरचा क्रमांक वाचता आला तर ठिकाण व तारखेसह नोंदवावा. कोणत्या दरडीवरचा पक्षी कोठे हिवाळा काढतो याची माहिती अशा नोंदींतूनही जमते, आणि ससाण्याला हिवाळ्यात कोणते विष मिळते हे शोधायला तिची मदत होते.